सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्समध्ये एवढं आहे तरी काय?

पार्कचौक_आउटफिल्ड

नमस्कार मंडळी. सोलापुरात गोल्फ बघणारे कितीजण असतील देव जाणे, तरी विचारतो. मी क्रिकेटवाला माणूस, सकाळी पोरांचे नेट्स लावतो आणि आमच्या ग्राउंडचं आउटफिल्ड, रोलर, पाणी सगळं मीच बघतो. टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली, एका फटक्याने मेडल हुकलं, ते पहाटे उठून बघितलं आणि तिथून जो नाद लागला तो लागलाच.

अडलंय एका ठिकाणी. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज गाव आणि तिथलं गोल्फचं मैदान, ओल्ड कोर्स. २०२२ ची ओपन, म्हणजे ब्रिटनची ती मोठी गोल्फ स्पर्धा, तिथे झाली, १५०वी, चारही दिवस बघितली, आता परत हायलाइट्स बघायलोय. सगळे मोठमोठे प्लेयर त्या मैदानाचं नाव काढलं की हात जोडतात. आणि मला दिसतं काय, तर वाळलेलं पिवळं गवत, नावाला झाड नाही, सगळी जमीन उंचसखल, मधूनच गावचा रस्ता आडवा जातो, मधे मधे खड्डे. अमेरिकेतलं ऑगस्टा बघितलं तर डोळे निवतात की ओ, हिरवंगार, फुलं, तळी. इथं तसलं काहीच नाही. वरून म्हणतात हा कोर्स कोणी डिझाइनच केलेला नाही, आपोआप झाला. मग आपोआप झालेल्या गोष्टीच्या डिझाइनचं कौतुक कशाचं करायचं?

आणि अजून एक. शेवटच्या दिवशी सतराव्या होलला (अठरा टप्प्यांपैकी सतराव्या) कॅमेरॉन स्मिथचा बॉल ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, अलीकडे डाव्या बाजूला पडला, झेंडा आणि बॉलच्या मधे तो कुप्रसिद्ध बंकर, वाळूचा खड्डा. त्याने चक्क पटर, बॉल जमिनीवरून ढकलायची काठी, काढला आणि बंकरला वळसा घालून बॉल वर नेला. हातात वेज, बॉल उंच उडवायची काठी, असताना वरून उचलून का नाही टाकला? कोणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा, नुसतं "इतिहास आहे" म्हणू नका, इतिहास आपल्या भुईकोट किल्ल्याला पण आहे.

टे_नदीपलीकडचा

मालक, मी मूळचा होटगी रोडचा, सध्या नोकरीमुळे स्कॉटलंडच्या डंडीत राहतो. टे नदीचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात सेंट अँड्र्यूज, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्या सतराव्या होलच्या बंकरपाशी मी स्वतः उभा राहिलोय.

टीव्हीवर तो बंकर बघून काहीच कळत नाही. आकाराने लहान आहे, आत उतरलात तर दोन-चार पावलांत संपतो. पण त्याची ग्रीनकडची बाजू गवताच्या ढेपा एकावर एक रचून भिंतीसारखी सरळ उभी केलेली आहे, तुम्ही आत उभे राहिलात तर झेंडा दिसत नाही, समोर फक्त मातीगवताचे थर. आणि खरी गोम बंकरमधे नाहीच, भोवतालच्या जमिनीत आहे. ती सगळीकडून हळूच त्याच्याकडे उतरते. पंधरा पावलांवरून सुद्धा बॉल थोडा चुकला की वळत वळत आत. म्हणजे बंकर जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा आहे असं धरूनच खेळावं लागतं. १९७८ च्या ओपनला जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता, तिथून पट केलेला (पटरने ढकललेला) बॉल घरंगळत बंकरमधे गेला, बाहेर काढायला चार फटके लागले आणि त्या होलला ९ झाले.

आता वेजचं. ते ग्रीन आडवं, तिरकं आणि अरुंद आहे. पलीकडे लगेच उतार, मग डांबरी रस्ता, मग दगडी भिंत. रस्त्यावर बॉल गेला तर तिथूनच खेळायचं, सूट नाही. जुलैत जमीन टणक झालेली असते, वरून टाकलेला बॉल टप्पा पडला की थांबत नाही, थेट रस्त्यावर. स्मिथने बघितलं की हवेतून जाण्यात दोन्हीकडे मरण आहे, जमिनीवरून गेलं तर निदान उतार कुठला हे डोळ्याला दिसतंय. म्हणून त्याने बॉल बंकरच्या उजव्या अंगाने चढवला, झेंड्यापासून दहाएक फुटांवर आला आणि तो पट त्याने घातला, म्हणजे त्या होलला ठरलेल्या फटक्यांतच संपवलं. पार. त्या एका होलवर ओपन वाचली त्याची. रोरी मॅकिलरॉय तिसरा राहिला.

हे जे झालं, हवेतून जायचं की जमिनीवरून हा प्रश्न खेळाडूला पडला, हेच त्या कोर्सचं वैशिष्ट्य. ऑगस्टात बॉल बहुतेक वेळा हवेतूनच नेतात. इथं जमीनसुद्धा खेळते तुमच्याबरोबर.

काळी_माती

वरच्यांनी बरोबर सांगितलं, मी गवताचं सांगतो कारण तो माझा धंदा आहे. कृषीची डिग्री, आता पुण्यात मैदानांचं गवत बघतो, गाव बार्शी.

दादा तुम्ही आउटफिल्ड बघता म्हणजे तुम्हाला पटकन कळेल. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पाऊस पडला की चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. क्रिकेटच्या पीचला ती चिकणमाती लागतेच, रोलर फिरवला की बांधून येते. गोल्फला बरोबर उलटं लागतं. सेंट अँड्र्यूजची जमीन म्हणजे समुद्राने मागे सोडलेली वाळू, त्यावर पातळसा मातीचा थर. रात्रभर पाऊस पडू दे, सकाळी खेळता येतं, पाणी सरळ खाली जातं. अशा जमिनीत धान्य पिकत नाही, म्हणून ती कोणी नांगरली नाही, आणि नांगरली नाही म्हणून तिचे उंचवटे-खळगे शेकडो वर्षं तसेच राहिले.

तुम्हाला पिवळं दिसतं ते गवत आजारी नाही. तिथं फेस्क्यू जातीचं गवत आहे, पात दोऱ्यासारखी बारीक, पाणी-खत कमी लागतं, उन्हात पिवळं पडतं पण मरत नाही, पाऊस आला की परत उठतं. त्याला हिरवं ठेवायच्या नादात पाणी आणि नायट्रोजन मारला तर फेस्क्यू मागे हटतं, दुसरं मऊ गवत घुसतं, जमीन मऊ होते आणि बॉल जिथं पडेल तिथंच बसतो. मग ते स्मिथचं पट वगैरे काही शक्य नाही, सगळा खेळच बदलतो. तिथला रंग बघून मला तरी समाधान वाटतं, म्हणजे सांभाळणाऱ्याने हात आवरलेला आहे, आणि आमच्या कामात हात आवरणं सगळ्यात अवघड, क्लायंटला रोज हिरवं पाहिजे असतं.

अजून एक लक्षात घ्या, गवत कापायचं मशीन पेटंट झालं १८३० मध्ये. सेंट अँड्र्यूजला त्याआधी काही शतकं गोल्फ चालू होता. कापत कोण होतं? मेंढ्या आणि ससे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या खळग्यांत बसायच्या, अंग घासायच्या, गवत जायचं, खालची वाळू उघडी पडायची, त्यातून पुष्कळ बंकर झाले असं सांगतात. आणि जिथं सगळ्यांचे बॉल घरंगळत येऊन थांबायचे तिथली जमीन फटके खाऊन खाऊन उकरली जायची, तिथं पण बंकर. म्हणजे तो बंकर तिथंच का आहे याला उत्तर आहे, बॉल तिकडेच जातो म्हणून.

१८६० च्या दशकात ओल्ड टॉम मॉरिस तिथं मैदानाचा रखवालदार म्हणून आला, स्वतः चार वेळा ओपन जिंकलेला माणूस. त्याचा सगळा भरवसा वाळूवर. ग्रीनवर वाळू पसरायची, परत पसरायची. आज आम्ही टॉप ड्रेसिंग म्हणतो ते हेच, अजून पण दुसरा चांगला उपाय नाही.

नकाशे_बघणारी

पार्कचौक दादा, "आपोआप झाला" हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं म्हणून सविस्तर लिहिते. मी आर्किटेक्ट, सात रस्त्याजवळ ऑफिस आहे, गोल्फ कधी खेळले नाही पण या कोर्सचे नकाशे भरपूर बघितलेत.

मूळ वाट अशी होती की गावातून निघायचं, समुद्राच्या बाजूने वाळूतून ईडन नदीच्या मुखापर्यंत जायचं, तिथे एक गोल वळसा आणि त्याच वाटेने परत. नकाशात तो आकार मेंढपाळाच्या आकडीच्या काठीसारखा दिसतो. जाताना आणि येताना तीच भोकं. एकूण २२ होल खेळायचे. १७६४ मध्ये त्यांनी सुरुवातीच्या चार होलचे दोन केले, ते दोन्ही दिशांनी खेळले जात असल्यामुळे २२ चे झाले १८. आज जगात सगळीकडे गोल्फ १८ होलचा आहे तो या एका गावातल्या काटछाटीमुळे.

मग एकोणिसाव्या शतकात गर्दी वाढली. जाणारे आणि येणारे एकाच भोकावर समोरासमोर. आता आपण काय केलं असतं, नवीन जागा घेतली असती. त्यांनी तेच ग्रीन रुंद केलं आणि त्यात दोन भोकं पाडली, जाताना पांढरा झेंडा, येताना लाल. अशी सात जोडग्रीन आजही आहेत आणि गंमत बघा, जोडीतल्या होलचे नंबर मिळवले की नेहमी १८ येतात. दुसरा आणि सोळावा, तिसरा-पंधरावा, असं करत आठवा-दहावा. फक्त पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांनाच स्वतंत्र ग्रीन. पाचवा-तेरावा हे जोडग्रीन पाऊण एकराच्या वर आहे, तिथे कधी कधी पट एवढा लांबचा येतो की दुसऱ्या कोर्सवर लोक तेवढ्या अंतरावरून वेज मारतील.

तेव्हा कोणी एका माणसाने बसून प्लॅन काढला नाही हे खरं, पण निर्णय तर घेतलेच ना माणसांनी. आधी तिथलाच खेळाडू ॲलन रॉबर्टसन, त्याच्यानंतर ओल्ड टॉम. ओल्ड टॉमने पहिल्या होलचं ग्रीन सतराव्यापासून वेगळं केलं, अठराव्याचं ग्रीन तर त्यानेच बांधलं. पहिलं ग्रीन वेगळं झाल्यावर कोर्स दोन्ही दिशांनी खेळता यायला लागला आणि कितीतरी वर्षं आलटून पालटून तसा खेळला जायचा, आधी घड्याळाच्या दिशेने खेळायचे, पुढे उलटी दिशा कायम झाली. याचा पुरावा जमिनीवर आहे. बाराव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, उभं राहिलं तर समोर मोकळं साधं गवत दिसतं, धोका काहीच नाही. ग्रीनवर जाऊन मागे वळून बघा, एकामागून एक बंकर तुमच्याकडे तोंड करून. ते दुसऱ्या दिशेने येणाऱ्यांसाठी होते. दिशा बदलल्यावर कोणीतरी म्हणू शकला असता की आता हे बुजवा, न दिसणारा बंकर म्हणजे अन्याय आहे. कोणी बुजवले नाहीत. माझ्या मते या कोर्सचं डिझाइन ते हेच, पिढ्यान्‌पिढ्या काय ठेवायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे ठरवत गेले. आमच्या व्यवसायात रिकामा प्लॉट मिळाला की जेसीबी आधी बोलावतात, त्यामुळे मला हे फार मोठं वाटतं.

आता खेळाच्या अंगाने. पहिला आणि अठरावा फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) एकमेकांना लागून आहेत, मिळून रुंदी सव्वाशे यार्डांच्या वर. नवशिक्यालाही बॉल त्यात ठेवता येतो. मग अवघड काय? अवघड हे की कुठेही मारलंत तरी चालतं, पण कुठूनही पुढचा फटका चांगला येत नाही. साधारणपणे डावीकडे सुरक्षित, मोकळं, आणि उजवीकडे हद्द जवळ, पण ग्रीन उघडतं ते उजवीकडून. सतराव्यालाच बघा, टीवरून हॉटेलच्या कोपऱ्यावरून धाडस करून उजवीकडे मारलं तर ग्रीन लांबीला मिळतं, घाबरून डावीकडे गेलात की तुमच्या आणि झेंड्याच्या मधे बरोबर तो बंकर येऊन बसतो. शिक्षा लगेच नाही, एका फटक्यानंतर.

आणि चौदावा तर मला पूर्ण कोर्समधला सगळ्यात सुंदर वाटतो. लांबलचक पार ५. उजव्या हाताला दगडी भिंत, तिच्यापलीकडे हद्द संपली. डावीकडे चार बंकरांचा घोळका, त्यांना बिअर्डीज म्हणतात. दोन्हीच्या मधे गुळगुळीत पट्टा. तिथे बॉल ठेवला की पुढे वाटेत हेल बंकर, पुरुषभर उंचीपेक्षा खोल. आता तीन वाटा. वरून उडवायचं, अलीकडे थांबायचं, नाहीतर डावीकडे पाचव्या होलच्या फेअरवेवर जाऊन लांबून यायचं. तिन्ही बरोबर असू शकतात, वारा कुठून आहे त्यावर, आणि वारा तिथे भरतीओहोटीबरोबर फिरतो म्हणतात. १९९५ मध्ये जॅक निकलस, याच मैदानावर दोनदा ओपन जिंकलेला, हेलमध्ये अडकला आणि त्या होलला १० फटके झाले. २००० साली टायगर वूड्स चार दिवस खेळला आणि ११२ पैकी एकाही बंकरमध्ये गेला नाही, आठ फटक्यांनी जिंकला.

तुमचं लाडकं ऑगस्टा पण इथूनच निघालंय बरं का. गोल्फ कोर्स आखणाऱ्या ॲलिस्टर मॅकेन्झीने १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा सविस्तर नकाशा काढला, उंचवटे-बंकर सगळं मोजून. पुढे अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा आखलं ते त्यानेच. आणि जोन्सची गोष्ट तर अशी की १९२१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो इथे अकराव्या होलला बंकरमध्ये फसून एवढा वैतागला की राऊंड सोडून दिला. १९२७ मध्ये इथेच ओपन जिंकली, १९३० मध्ये इथेच ब्रिटिश ॲमॅच्युअर, हौशी खेळाडूंची स्पर्धा. १९५८ मध्ये गावाने त्याला नागरिकत्वाचा मान दिला, त्याच्याआधी तो मान मिळालेला अमेरिकन म्हणजे थेट बेंजामिन फ्रँकलिन, १७५९. वैताग ते प्रेम हा प्रवास पुष्कळांचा होतो म्हणतात या कोर्सबाबत, कारण तो एका दिवसात कळतच नाही.

तुम्ही टोकियोपासून बघताय म्हणून हे पण सांगते, अदितीच्या एक फटका पुढे राहून ब्राँझ घेतलेली लिडिया को, तिने २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण घेतलं आणि त्याच महिन्यात महिलांची ओपन याच ओल्ड कोर्सवर जिंकली, वाऱ्यापावसात, अठराव्याला बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून. ते नक्की बघा.

उजनी_उजवा_कालवा

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण मी स्पष्ट बोलतो, गोल्फ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, बायामाणसं टाक्या भरायला पहाटे उठतात, आणि जगभर शेकडो एकर गवताला रोज पाणी पाजतात, तेही मूठभर लोकांना खेळता यावं म्हणून, बाहेर गेट, वॉचमन, मेंबरशिप लाखांत. या ऐतिहासिक कोर्सला पण कुंपण असणारच. मग त्याच्या सौंदर्याचं गावातल्या माणसाला काय?

टे_नदीपलीकडचा

अण्णा, प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच कोर्सना तो जसाच्या तसा लागू आहे. पण नेमका हा कोर्स वेगळा आहे म्हणून उत्तर देतो.

ही जमीन क्लबची नाही. रॉयल अँड एन्शंट क्लबची ती दगडी इमारत पहिल्या टीच्या मागे दिसते म्हणून सगळ्यांना वाटतं त्यांचं मैदान आहे, तसं नाही. १५५२ च्या आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत गावच्या लोकांचा तिथं गोल्फ खेळायचा, फुटबॉल खेळायचा, गुरं चारायचा हक्क मान्य केलेला आहे. त्याच सनदेत आर्चबिशपला ससे पाळायचा हक्क, आणि पुढे भांडण लागलं ते सशांवरूनच. १७९७ मध्ये गावचा कारभार कर्जात बुडाला आणि ही जमीन हातची गेली, ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे आली. ससे जमीन पोखरायला लागले, खेळणारे आणि गावकरी चिडले, कोर्टकचेऱ्या, मारामाऱ्या, वीसेक वर्षं चाललं. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचवला. १८९४ मध्ये गावाने परत विकत घेतली, आणि १९७४ पासून पार्लमेंटच्या कायद्याने झालेला ट्रस्ट ती सांभाळतो. मैदान सार्वजनिक आहे.

रविवारी गोल्फ बंद. स्पर्धा असल्या तर गोष्ट वेगळी, एरवी रविवारी तो गावचा बगीचा असतो. लहान मुलं, कुत्री, म्हातारी जोडपी, सगळे फेअरवेवरून फिरतात, अठराव्या ग्रीनच्या अलीकडचा तो खळगा आहे ना, व्हॅली ऑफ सिन, त्यात पोरं लोळत खाली येतात. मी तो बंकर जवळून बघितला तो असाच रविवारी. तिकीट नाही, गेट नाही, कोणी हटकत नाही. आणि टीव्हीवर दिसणारा तो आडवा रस्ता, ग्रॅनी क्लार्क्स विंड, पहिल्या आणि अठराव्या फेअरवेवरून जातो, त्यावरून लोक बीचवर जातात, बाकीच्या दिवशी सुद्धा. खेळणारा माणूस थांबतो, लोक गेले की मारतो.

पाण्याचं काळी_माती यांनी सांगितलंच. पाणी अजिबात देत नाहीत असं नाही, पण गवतच असं आहे की मोजकं लागतं.

नान्नजचा_माळ

मी यात पडणार नव्हतो पण झाड नाही म्हणजे काहीच नाही हे वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही लहानपणापासून नान्नजच्या माळावर वाढलो. माळढोकाचं अभयारण्य १९७९ चं, पण जाणारा-येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, काय पडीक जमीन आहे, झाडं लावा इथं. आणि लावली पण कुठं कुठं, भलत्या जातीची. माळाला झाड नको असतं. गवत पाहिजे, उघडं आकाश पाहिजे, त्यावर जगणारे पक्षी, लांडगा, काळवीट, खोकड सगळ्यांना लांबवर दिसायला पाहिजे. माळढोक आता दिसेनासाच झालाय, त्याला कारणं पुष्कळ, त्यातलं एक हे की माळ म्हणजे रिकामी जागा असं सगळ्यांनी धरलं.

त्यामुळे समुद्राकाठच्या वाळूच्या माळावर त्या लोकांनी झाडं लावायचा हट्ट केला नाही, भराव टाकून सपाट केलं नाही, हे वाचून मला त्या गावाबद्दल आदर वाटला. मेंढरं चारणारे आणि खेळणारे एकाच जमिनीवर चारशे-पाचशे वर्षं. अठराव्या होलवरचा तो छोटा दगडी पूल ज्याच्यावर सगळे खेळाडू फोटो काढतात, स्विल्कन ब्रिज, तो पण मेंढपाळांनी जनावरं ओढ्यापलीकडे न्यायला बांधलेला, ७०० वर्षांचा तरी म्हणतात. आमच्याकडचे धनगर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन याच माळावरून जातात, त्यांच्यासाठी कोणी पूल जपल्याचं ऐकलं नाही.

काळी_माती

नान्नजवाले, सहमत. गवत ही पडीक जमिनीची खूण नाही हे लोकांना पटवताना आमचा घसा सुकतो. फक्त एक, चराईचं प्रमाण पण महत्त्वाचं आहे, सेंट अँड्र्यूजला सशांनी जमिनीची वाट लावलीच होती. कमी चराई चांगली, अति चराई वाईट, आपल्या माळाला पण हेच लागू.

पार्कचौक_आउटफिल्ड

मंडळी लई उपकार. रात्री जेवण झाल्यावर चौदावा होल परत लावला आणि या वेळी बॉल सोडून जमीन बघितली, कोण कुठल्या बाजूला टाकतोय, पुढचा फटका कुठून मारतोय. चौघांनी चार वाटा धरल्या, मी मागच्या वेळी बघितलं तेव्हा मला वाटलं होतं वाऱ्याने बॉल इकडेतिकडे जायलाय. आता कळलं, मुद्दाम पाचव्याच्या फेअरवेवर मारायलेत.

नकाशेवाल्या ताई, तुमच्या त्या न बुजवलेल्या बंकरवर मी रात्रभर विचार केला. आमच्या ग्राउंडला मिडविकेटला एक उंचवटा आहे, तिथं बॉल नेहमी वळतो, पोरं तिथं फिल्डर बरोबर दोन पावलं आत लावतात. मला दर वर्षी सांगतात सपाट कर म्हणून.

टे नदीवाले, दोन विचारायचं होतं. सामान्य माणसाला तिथं खेळायला मिळतं का खरंच? आणि पुढची ओपन तिथं कधी?

टे_नदीपलीकडचा

मिळतं. रोजच्या काही वेळा सोडतीने देतात, दोन दिवस आधी नावं टाकायची, किमान दोघं पाहिजेत, चिठ्ठी लागली तर खेळा. फी आपल्या हिशेबाने जबरदस्त आहे ते खोटं कशाला बोलू, आणि हँडिकॅपचा, म्हणजे तुम्ही किती बरं खेळता त्याच्या आकड्याचा, दाखला लागतो. नुसतं बघायचं असेल तर रविवारी या, फुकट, मी येतो बरोबर चालायला, अकराव्याच्या ग्रीनपर्यंत नेतो, तिथून नदीचं मुख दिसतं आणि जोन्सने राऊंड का सोडला ते पण लगेच समजतं, ग्रीनचा उतार एवढा आहे.

पुढची ओपन इथं २०२७ च्या जुलैत. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. रविवारी शेवटची जोडी सतराव्यावर येते तेव्हा सोलापुरात रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात.

उजनी_उजवा_कालवा

रविवारचं आणि १८९४ ला गावाने जमीन परत घेतल्याचं माहीत नव्हतं. बाकीच्या गेटवाल्या कोर्सबद्दल माझं मत आहे तेच आहे. हा मात्र बघेन. २०२७ ला पार्कचौकवाल्यांनी प्रोजेक्टर लावावा, खुर्च्या मी आणतो.